प्रार्थना कमी पडली म्हणून?

गेल्या पावसाळ्यात माझी झोपच उडाली. यांची बदली, मुलीची दहावी, सासूबाईंचं ऑपरेशन. पहाटे तीनला छातीत धडधड सुरू. चर्चमधल्या एक बाई म्हणाल्या, "प्रार्थना कमी पडत असेल हो!" झालं, काळजीत अपराधीपणाची भर!

मग शास्त्रातली एलीयाची गोष्ट पुन्हा वाचली. (१ राजे, अध्याय १९.) ईजबेल राणीच्या धाकानं पळालेला हा संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागतो. देव त्याला रागवत नाही. आधी झोपू देतो. देवदूत उठवतो तो भाजलेली भाकर नि पाणी पुढे ठेवून. मग पुन्हा झोप. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. आपण बायका मात्र सर्वांना वाढून उरलंसुरलं उभ्यानंच खातो!

मी डॉक्टरांकडे गेले. धडधडीमागे कधी थायरॉईड, कधी रक्त कमी असणं असतं, म्हणून त्यांनी आधी रक्त तपासलं. संध्याकाळचा चहा सोडायला लावला. प्रार्थना चालूच आहे, पण जेवण वेळेवर झाल्यावर.

मैत्रिणींनो, घरात बोलवत नसेल तर सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेली-मानस' आहे. १४४१६ हा नंबर दिवसरात्र, विनामूल्य. मी एकदा फोन केला. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, अगदी सावकाश.