लाल मातीतून वस्तादकीकडे : लातूरची एक परंपरा

अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये खेळाडू निवृत्त झाला की संघाच्या कचेरीत बसतो, ही जुनी रीत आहे. जेरी वेस्ट 1974 पर्यंत लेकर्स संघाकडून खेळला आणि 1982 मध्ये त्याच संघाचा जनरल मॅनेजर झाला. खेळाडू निवडणे, त्यांची मोट बांधणे, पैशांचा मेळ घालणे ही सगळी कामे त्याच्याकडे आली. आपल्याकडे लातूर-नांदेडात बास्केटबॉलचा एवढा पसारा नाही. पण खेळाडूने पुढे संघ चालवायचा, ही वाट कुस्तीने इथे कधीच मळून ठेवली आहे. त्या पदाला आपण वस्ताद म्हणतो.

रामलिंग मुदगडचा पैलवान

निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदारांचे गाव. त्यांच्या उमेदीच्या काळात लातूर जिल्हाच नव्हता. हा भाग तेव्हा उस्मानाबादमध्ये होता. कुस्तीचे खरे शिक्षण घ्यायला त्यांना कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत जावे लागले. 1969 साली ते महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांच्या नावावर आहे.

तरी जुन्या शौकिनांना विचारा, ते पदकांआधी 1977 ची बेळगावची कुस्ती सांगतील. समोर दिल्लीचे सतपाल होते आणि बिराजदारांनी ती मारली. मराठी कुस्तीच्या आठवणीत या लढतीला तोड नाही.

दोन प्रतिस्पर्धी, दोन वस्ताद

या लढतीनंतरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण दोघेही पुढे वस्ताद झाले. सतपाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये आखाडा उभा केला. तिथून सुशीलकुमार घडला आणि भारताला 2008 व 2012 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक पदके मिळाली. बिराजदारांनी पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवली. 2006 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि 2011 मध्ये ते गेले.

जाणतेपणात दोघांत डावे-उजवे करता येणार नाही. फरक होता तो पाठीशी काय आहे याचा. छत्रसाल हे सरकारी स्टेडियम. तिथे मॅट, वसतिगृह, मोकळी जागा होती. इकडे पेठेतली तालीम आणि वस्तादाचा शब्द. ऑलिंपिक पदकांची तुलना करताना आपण हे सोयीस्कर विसरतो.

वस्ताद नेमके काय करतो?

डाव शिकवणे हा कामाचा एक भाग झाला. पहाटे पोरांना उठवून जोर-बैठका काढून घेणे, लढतीला योग्य जोड लावून देणे, कोणाचा गुडघा दुखतोय आणि कोण नुसता अंग चोरतोय हे ओळखणे, ही रोजची कामे. त्यात खुराक आला. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण यांचा खर्च शेतकरी बापाला दर महिन्याला झेपत नाही. मग वस्तादच देणगीदार शोधतो, गावोगावच्या जत्रांतली मैदाने ठरवतो, इनामाची बोली करतो.

वजनगट हा आणखी एक डोकेदुखीचा विषय. जत्रेतल्या मैदानात जोड नजरेने लागते; स्पर्धेत काटा बोलतो. माळेगावच्या खंडोबा यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत मातीवर नाव काढलेला मल्ल मॅटवर आला की गुणांची, वेळेची, वजनाची कुस्ती त्याला नव्याने शिकावी लागते. त्याला मॅटवर कधी उतरवायचे, कोणत्या गटात खेळवायचे आणि पोलीस किंवा रेल्वेच्या भरतीसाठी कागदपत्रे कधी जमवायची, हे निर्णय घेणारा माणूस निव्वळ प्रशिक्षक राहत नाही.

साईचे काका पवार

लातूरजवळच्या साई गावचे काका पवार हे बिराजदारांचेच शिष्य. आंतरराष्ट्रीय मल्ल, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. खेळणे थांबल्यावर त्यांनी पुण्यात कात्रजजवळ आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल चालवायला घेतले आणि गुरूच्या कामाला संस्थेचे रूप दिले.

पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांकडे होता. वस्ताद गेल्यावर तो काका पवारांकडे आला. 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात त्याने सुवर्ण जिंकले आणि ते बिराजदारांना अर्पण केले. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात त्याला कांस्य मिळाले. गुरू गेल्यावर पैलवान भरकटतो, असे अनेकदा घडते. इथे एका वस्तादाने दुसऱ्याचा पठ्ठा सांभाळला.

जानेवारी 2020 मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. गादी म्हणजे मॅट विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे शिष्य. सदगीर जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. 2023 च्या जानेवारीत पुन्हा तोच योग आला. शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड हे एकाच संकुलातले मल्ल अंतिम फेरीत भिडले आणि शिवराज केसरी झाला. अशा वेळी वस्तादाने कोणाच्या बाजूला बसावे, हा प्रश्न जगातल्या फार थोड्या संघचालकांना पडत असेल.

मराठवाड्याची बाजू

बिराजदार निलंग्याचे, पवार लातूरचे, आवारे पाटोद्याचा. पण तालमी दोन्ही पुण्यात. पोर इथले, शेतातला पैसा इथला, आणि घडवणूक शेकडो किलोमीटर दूर. ज्याच्या बापाला पुण्याचा खर्च पेलत नाही, तो जत्रेच्या मैदानातच अडकतो. लातूर-नांदेडात मल्लांची वाण कधीच नव्हती. निवृत्त मल्लाला मॅट, वसतिगृह आणि फिजिओ देऊन इथेच बसवणारी यंत्रणा मात्र हवी तशी उभी राहिली नाही. जिल्हा क्रीडा कार्यालये, साखर कारखाने आणि बाजार समित्यांनी मनावर घेतले तर हे अवघड नाही.

तोवर मुलाला तालमीत घालणाऱ्या पालकांनी वस्तादाच्या भिंतीवरच्या गदा मोजत बसू नये. माती आणि मॅट दोन्ही आहेत का, मुलाची शाळा चालू राहणार का, दुखापत झाली तर कोणत्या डॉक्टरकडे नेणार, हे आधी तोंडावर विचारून घ्यावे.