डोळ्यांतले पाणी आटते तेव्हा

वऱ्हाडात बाईमाणसाने डोळ्यांची तक्रार केली की उत्तरे ठरलेली असतात. ‘ऊन लागलं असन’, ‘धूर गेला असन डोयात’, ‘आता वय झालं, चष्मा लाव.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. अमरावती-अकोल्याचे ऊन आहेच तसे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा धडधाकट माणसाचेही डोळे चुरचुरतात. परंतु पावसाळा येऊन गेला, हिवाळा आला, चुलीच्या जागी गॅस आला, तरी ज्यांच्या डोळ्यांत वाळू सलत राहते, सकाळी पापण्या चिकटून बसतात, दिव्याकडे बघवत नाही, अशा भगिनी आपल्या वस्त्यांतून आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्या मंडळींसाठी आहे.

यांतील काहींचे दुखणे एकट्या डोळ्यांचे नसते. त्याचे मूळ साऱ्या शरीरात असते. ते ओळखले गेले नाही तर डोळा जाऊ शकतो, हे आम्ही सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगतो.

राखणदारच उलटतो

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक शक्ती असते. शेतात जागलीवर बसलेल्या राखणदारासारखे तिचे काम. रानडुक्कर आले की त्याने हाकलायचे. पण काही माणसांच्या बाबतीत हा राखणदार घरच्याच बैलांवर काठी चालवू लागतो. तो सांध्यांवर उलटला तर बोटे, मनगटे, गुडघे सुजतात आणि सकाळी तास-दीड तास हात आखडून राहतात. याला लोक आमवात म्हणतात. तो अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर उलटला तर डोळे व तोंड कोरडे पडते. पुष्कळदा दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला येते. ल्युपस नावाच्या आजारातही डोळे असेच कोरडे होतात.

डोळे आणि तोंड कोरडे पाडणाऱ्या आजाराला स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांचे नाव आहे. १९३३ साली त्यांनी आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांची हकिगत मांडली. डोळ्यांत पाणी नाही, तोंडाला कोरड, आणि त्यांपैकी १३ जणींचे सांधेही धरलेले. डोळे, तोंड आणि सांधे ही एकाच आजाराची अंगे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. परीक्षकांना तो प्रबंध फारसा पटला नाही आणि श्योग्रेन यांना विद्यापीठातील शिक्षकपदाची वाट बंद झाली. पुढे १९४३ साली प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर झाले, तेव्हा जगाने दखल घेतली. म्हणजे या बायकांचे दुखणे शिकल्या-सवरल्या मंडळींच्या गळी उतरायलाही दहा वर्षे लागली!

हा आजार दहा जणांना झाला तर त्यांत साधारण नऊ स्त्रिया असतात. चाळिशी-पन्नाशीत तो अधिक दिसतो, पण तरुण मुलींनाही होतो. अमेरिकेची प्रसिद्ध टेनिसपटू व्हीनस विल्यम्स हिने २०११ साली मोठी स्पर्धा अर्ध्यावर सोडली आणि आपल्याला हाच आजार असल्याचे जगजाहीर केले. मैदान गाजवणाऱ्या बाईला जो थकवा उभे राहू देत नाही, तो आपल्या निंदणाला जाणाऱ्या बाईला आला की मात्र आपण तिला आळशी ठरवतो.

आपल्या महाराष्ट्रात आमवात किती? पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. तीत हजारामागे सुमारे पाच जणांना आमवात आढळला. आकडा लहान वाटतो. पण हाच हिशेब धरला तर लाखभर प्रौढांच्या शहरात पाचशे माणसे होतात आणि त्यांत बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतात.

डोळ्यांतून पाणी वाहते, तरी डोळा कोरडा?

होय, असे होते आणि इथेच फसगत होते. डोळ्यावरच्या ओलाव्याचे तीन पदर असतात. बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत थर, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा पातळ तवंग. हा तवंग पाण्याला उडू देत नाही. यांतला एकही थर बिघडला की बुबुळ उघडे पडते, टोचू लागते आणि टोचले की डोळा एकदम भळाभळा पाणी सोडतो. हे पाणी गालावर ओघळून जाते, डोळ्याला पुरत नाही. म्हणून वारा लागताच डोळे गळतात आणि तासाभराने पुन्हा आग होते.

आजार पुढे गेला की रडू आले तरी डोळ्यांत पाणी येत नाही. घरात मयत झाली आणि सुनेचे डोळे कोरडे राहिले, तर चार बायका काय बोलतात हे आम्ही सांगायला नको. तिचे दुःख खोटे नसते. तिच्या ग्रंथी सुकलेल्या असतात.

तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांगा

आमच्या मते सर्वांत मोठी चूक दवाखान्यात होते. डोळ्यांची आग नेत्र विभागात सांगितली जाते, सांध्यांचे दुखणे हाडांच्या डॉक्टरांना आणि किडलेले दात दातांच्या डॉक्टरांना. प्रत्येक जण आपापल्या तक्रारीपुरते औषध देतो. तिन्ही धागे एकत्र बांधणारे कोणी नसते. म्हणून भगिनींनो, डॉक्टरांपुढे बसताच सगळे एका दमात सांगा. डोळे किती महिन्यांपासून सलतात? भाकर गिळताना घोटभर पाणी लागते काय? ठेचा पूर्वीसारखा सोसतो की जिभेची आग होते? रात्री पाणी प्यायला उठावे लागते काय? दात भराभर किडले काय? सकाळी बोटे आखडतात काय? गाल कानाजवळ सुजतात काय? बोलायला संकोच वाटत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या.

तपासणीची भीती नको. कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवतात. ओटो शिर्मर या जर्मन डॉक्टरांनी १९०३ साली सांगितलेली ही चाचणी आजही चालते. पट्टी पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा फारच कोरडा समजतात. रंगाचा थेंब टाकून बुबुळावरचे ओरखडे पाहतात. पुढे रक्ताच्या चाचण्या होतात आणि क्वचित ओठाच्या आतला कणभर तुकडा काढून तपासतात.

डोळे कोरडे म्हणजे हाच आजार, असे मात्र कोणी समजू नये. मधुमेह, पाळी जाण्याचा काळ, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या, दिवसभर मोबाईल पाहणे, यांनीही डोळे कोरडे होतात. लहान मुलाचे डोळे कोरडे दिसले आणि त्याला सांजावल्यावर दिसेनासे झाले, तर ती ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्यावे.

अमरावतीचे इर्विन म्हणून ओळखले जाणारे सरकारी रुग्णालय आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय या आपल्या जवळच्या जागा. अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्याहून रेल्वेने सेवाग्राम गाठता येते. तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये, त्या वेळी राजीव गांधी जीवनदायी या नावाने, ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. परंतु ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, रोजचे थेंब तिच्यात बसत नाहीत. म्हणून डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे आणि जनऔषधी केंद्रात विचारावे.

थेंब आणि ते टाकणारा हात

हा आजार मुळापासून जात नाही. पण रोजची निगा ठेवली तर डोळा शाबूत राहतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब हा निगेचा पाया. आग झाल्यावर टाकण्यापेक्षा ठरल्या वेळी टाकावेत. दिवसातून चार-सहा वेळांहून अधिक लागत असतील तर टिकाऊपणासाठी रसायन न घातलेले थेंब डॉक्टरांकडे मागावेत, कारण ते रसायनच वारंवार गेल्याने बुबुळाला त्रास देते. बाटलीचे तोंड पापणीला लावू नये. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि साधारण महिन्याने ती टाकून द्यावी. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. रात्री घट्ट मलम घालावे. पाणी वाहून जाण्याची जी बारीक छिद्रे नाकाकडच्या कोपऱ्यात असतात, त्यांना बूच बसवून असलेला ओलावा राखण्याचाही उपाय आहे.

आता एक गोष्ट घरच्यांनी नीट ऐकावी. आमवाताने ज्यांची बोटे वाकली आहेत, त्यांना ती एवढीशी बाटलीही दाबता येत नाही. थेंब गालावर पडतो, बाटली लवकर संपते आणि ‘कालच तर आणली होती’ म्हणून बोलणी मात्र बसतात. मग ती बाई थेंब टाकणेच सोडून देते. नवरा असो, मुलगा असो, सून असो, ज्याचे हात धड आहेत त्याने हात धुऊन थेंब टाकून द्यावा. दिवसातून चारदा, एका वेळी एक मिनिट. यात कमीपणा कसला?

घरातली आणखीही कामे वाटून घेता येतात. पऱ्हाटी-तुराटीचा धूर, थ्रेशरवरची धूळ, जिनिंगमधली उडती रुई यांपासून या डोळ्यांना दूर ठेवावे. जाणे भागच असेल तर बाजूने बंद असलेला चष्मा लावावा. कूलरचा झोत तोंडावर घेऊन झोपू नये, त्याची दिशा फिरवावी. शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी दर वीस मिनिटांनी मशीन थांबवून लांब पाहावे आणि डोळे मिटून उघडावेत, कारण नजर खिळली की पापण्या लवणे कमी होते. कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटे मिटल्या पापण्यांवर ठेवले की तेलाचा थर सुटायला मदत होते. तोंडासाठी घोट-घोट पाणी प्यावे, जेवणानंतर चूळ भरावी, सकाळ-रात्री दात घासावेत. तंबाखू, खर्रा आणि घरातली बिडी बंद करावी.

हे मात्र करू नका

मेडिकलच्या दुकानातून ‘लालीचे थेंब’ मागून आणू नका. त्यांत बरेचदा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत बरे वाटते, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते चालू राहिले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो. कपाशीचे बोंड, तुरीचे खुंट किंवा गवताचे पाते लागून डोळ्याला जखम झाली असेल तर धोका फार मोठा. अशा जखमेत बुरशी वाढते, स्टेरॉइडने ती फोफावते आणि बुबुळावर कायमचे फूल पडते. मध, कांद्याचा रस, एरंडेल, अंगावरचे दूध, सुरमा यांपैकी काहीही कोरड्या डोळ्यात घालू नका.

आमवाताच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मेथोट्रेक्सेट ही गोळी बहुधा आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. गरोदरपणात ती चालत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुरू असेल तर पहिल्या वर्षात डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, पाच वर्षांनंतर दर वर्षी, तपासणी करा. २०२० साली कोरोनाच्या घबराटीत हीच गोळी लोकांनी घरात साठवली आणि ज्यांना ती खरोखर हवी होती त्यांना मिळेनाशी झाली, हे पुष्कळांना आठवत असेल.

श्योग्रेनचा आजार असलेल्या मुलीला दिवस गेले तर डॉक्टरांना ते आधीच सांगावे. रक्तातील काही प्रतिपिंडांमुळे पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून जास्त तपासण्या लागतात. गालाची गाठ टिकून राहिली किंवा वाढली तर ती दाखवावी. आणि डोळा लाल होऊन ठणकू लागला, उजेड सोसेना, नजर कमी झाली, तर उद्याची वाट पाहू नये. आमवाताच्या रुग्णाच्या बुबुळाला जखम होऊन ते थोड्या दिवसांत फुटूही शकते. त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी चालेल, पण त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आमची वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारात एखादी बाई डोळे चोळत असेल, पदराच्या टोकाने ते पुसत असेल, तर तिला विचारा, ‘माय, तोंडालाही कोरड पडते काय? बोटं आखडतात काय?’ तिने दोन्हींना ‘होय’ म्हटले, तर तिला एकटीला पाठवू नका. सोबत जा आणि वर सांगितलेला कागद खिशात ठेवा.