हॉट शूवर बसला म्हणजे फ्लॅश चालला असं नाही

कोपरखैरणे गावातल्या एका हळदीचे फोटो परवा एका तरुण फोटोग्राफरने मला दाखवले. आगरी घरची हळद म्हणजे रात्रीचा कार्यक्रम. डोक्यावर पिवळ्या कापडाचा मांडव, एकीकडे धवलारीण धवळे म्हणतेय, करवल्यांच्या साड्यांची जर चमकतेय. आणि फ्रेममागून फ्रेम नवरीचा चेहरा कागदासारखा पांढराफटक. गालाला लावलेली हळदसुद्धा दिसेना.

"काका, फ्लॅश बाबांचा आहे," तो म्हणाला. "ह्याच फ्लॅशवर त्यांनी वीस वर्षं लग्नं काढली, एक फोटो फाटला नाही. कॅमेऱ्याची आणि फ्लॅशची कंपनी एकच. शूवर बसतो, उडतो. टीटीएलसुद्धा आहे. मग बिघडलं काय?"

बिघडलं काहीच नव्हतं. पण "बसतो, उडतो, म्हणजे चालतो" हे वाक्य वाशीपासून पनवेलपर्यंत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता राग येतो. राग त्या पोराचा नाही. जुना फ्लॅश हातात देताना "टीटीएल आहे, बिनधास्त वापर" एवढंच सांगून मोकळे होणाऱ्यांचा येतो. हळद पुन्हा लागत नाही. त्या घराच्या आयुष्यातली ती रात्र गेली.

टीटीएल म्हणजे लेन्समधून आत आलेला प्रकाश मोजणं. कुठे मोजायचा आणि केव्हा मोजायचा, हे त्या तीन अक्षरांत कुठेही सांगितलेलं नाही. सगळा घोळ तिथेच आहे.

रोलच्या कॅमेऱ्यात हे मोजमाप फोटो निघत असतानाच व्हायचं. ऑलिम्पसच्या ओएम-२ने १९७५ साली ही युक्ती आणली, पुढे इतरांनी उचलली. शटर उघडलं, फ्लॅश पेटला, प्रकाश फिल्मवर पडला. फिल्मचा पृष्ठभाग मंद, थोडासा प्रकाश सगळीकडे सारखा परतवणारा. आरशाच्या पेटीत खाली बसवलेला एक छोटा सेन्सर फिल्मकडे तोंड करून तो परतणारा प्रकाश मोजत राहायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅशला विझायला सांगायचा. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. फार देखणं तंत्र होतं ते, आजही मला त्याचं कौतुक वाटतं.

आता फिल्मच्या जागी डिजिटल सेन्सर ठेवा. त्याच्यावर काचेचा फिल्टर, खाली सूक्ष्म भिंगांची जाळी. तो प्रकाश आरशासारखा चमकवतो, कोन बदलला की परतीचा प्रकाशही बदलतो. त्याच्याकडे बघून फ्लॅश मोजायचा म्हणजे ओल्या फरशीवरच्या चमकेवरून खोलीतला उजेड ठरवण्यासारखं आहे. पेंटॅक्सच्या इस्ट-डीसारखे मोजके अपवाद सोडले तर कंपन्यांनी हा नादच सोडला. नवी रीत अशी: शटर उघडण्याआधी फ्लॅश एक बारीकशी पूर्वचमक मारतो, कॅमेरा ती मोजतो, हिशोब करतो आणि मुख्य फ्लॅश किती उडवायचा ते आधीच ठरवून सांगतो. कॅननने ही पद्धत ई-टीटीएल नावाने १९९५मध्ये, म्हणजे रोलच्या जमान्यातच आणली होती. निकॉनने १९९९च्या डी-१ सोबत डी-टीटीएल आणि २००३मध्ये आय-टीटीएल आणली. जुन्या फ्लॅशला ही पूर्वचमक ठाऊकच नाही. कॅमेरा विचारतो एका भाषेत, फ्लॅशला कळते दुसरी.

मग होतं काय? इथे माझ्या शब्दावर जाऊ नका, कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडा. कॅननच्या डिजिटल ईओएसच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे की ईझेड मालिकेचा फ्लॅश टीटीएलवर ठेवला तर तो फक्त पूर्ण ताकदीनेच उडतो. ईझेड म्हणजे रोलच्या काळातला ४३०ईझेड किंवा ५४०ईझेड. १९९५चा ३८०ईएक्स मात्र त्याच डिजिटल कॅमेऱ्यावर ई-टीटीएल करतो. फरक नावातल्या एका अक्षराचा. निकॉनच्या डी-७०चं मॅन्युअल म्हणतं, एसबी-२८सारखा फ्लॅश टीटीएलवर लावला तर शटरच दबणार नाही. निदान फोटो फुकट तरी जात नाही.

"पण बाबांचे फोटो कधीच फाटले नाहीत," हा मुद्दा उरतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाबांचा फ्लॅशही चुकत होता. पांढरा शर्ट समोर आला की कमी, काळा कोट आला की जास्त, कारण मोजणाऱ्याला कपड्याचा रंग कळत नाही. पण कलर निगेटिव्ह दोन-तीन स्टॉपचं ओव्हर सहज पोटात घालते. शिवाय लॅबमधलं मशीन आणि ते चालवणारा माणूस प्रिंट काढताना प्रत्येक फ्रेम सुधारत होता. मांडवाच्या कापडाची पिवळी झाकसुद्धा तोच कमी करायचा. अल्बममध्ये आलं ते फ्लॅश, निगेटिव्ह आणि लॅबवाला अशा तिघांचं मिळून काम होतं. श्रेय एकट्या फ्लॅशला मिळालं. डिजिटल सेन्सर याबाबतीत स्लाइड फिल्मच्या जवळचा. पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की तिथे तपशील उरतच नाही. "रॉमध्ये काढलंय, नंतर उतरवू" म्हणणाऱ्यांनीही हे ऐकावं. रॉमध्ये थोडी जागा जास्त मिळते, पण पूर्ण ताकदीचा फ्लॅश ती केव्हाच ओलांडतो.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही आहे: जुना फ्लॅश लावला की डिजिटल कॅमेरा जळतो, तेव्हा भंगारात द्या. यात अर्धं सत्य आहे. जुन्या काही फ्लॅशच्या मधल्या पिनेवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. जुन्या कॅमेऱ्यात तिथे धातूचे साधे स्पर्शबिंदू होते, त्यांना काही होत नसे. आता तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. आयएसओ १०३३० हे मानक २४ व्होल्टची गोष्ट करतं, तर निकॉनची अनेक मॅन्युअल्स २५० व्होल्टपर्यंत चालेल म्हणतात. म्हणजे उत्तर कॅमेऱ्यावर अवलंबून आहे आणि फ्लॅशवरही. व्हिव्हिटार २८३ बघा, लग्नवाल्यांचा लाडका. त्याचे सुरुवातीचे नग दोनशेच्या पुढे, नंतरचे दहाच्या आत. नाव एकच. म्हणून मोजायचं. फ्लॅश पूर्ण चार्ज करा, डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक मधल्या पिनेला, दुसरं बुडाच्या कडेच्या धातूला. आकडा कळला, विषय संपला. फ्लॅश उघडायचा मात्र नाही; आतला कपॅसिटर तीनशेच्या आसपास व्होल्ट धरून बसलेला असतो, बॅटरी काढल्यावरही.

किरकोळ गैरसमज झटपट. हाय-स्पीड सिंकने फ्लॅश जोरदार होत नाही, उलट पल्ला घटतो. सोनीच्या जुन्या अल्फाचा शू वेगळ्या घडणीचा, मिनोल्टाकडून आलेला; साधा फ्लॅश त्यात सरकतच नाही. स्टुडिओतले स्लेव्ह लाइट "डिजिटलला चालत नाहीत" असंही नाही. ते पूर्वचमकेलाच फसून आधी उडून जातात, तेव्हा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर घ्या. आणि स्क्रीन बघून एक्स्पोजर ठरवू नका. रात्रीच्या मांडवात स्क्रीन नेहमीच उजळ दिसते; हिस्टोग्राम बघा.

जुन्या फ्लॅशमधलं जे आजही जसंच्या तसं चालतं ते कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्या फ्लॅशला स्वतःचा डोळा आहे, व्हिव्हिटार २८३ किंवा एसबी-२८सारखा, तो ऑटोवर ठेवा. तो प्रकाश स्वतः मोजतो, कॅमेऱ्याला काही विचारत नाही. आयएसओ आणि अॅपर्चर दोन्हीकडे जुळवलं की झालं. डोळा नसेल तर मॅन्युअल आणि गाइड नंबर. मीटरमधला गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे अॅपर्चर, हे गणित रोलवर होतं तेच आजही आहे.

त्या पोराच्या फ्लॅशला डोळा नव्हता. आम्ही बसून हिशोब केला. गाइड नंबर आयएसओ १००ला ३६. आयएसओ ४०० केला की दुप्पट, ७२. ताकद एक-सोळांश केली की चौथाई, १८. नवरी तीन मीटरवर, म्हणजे सहा, कॅमेऱ्यावर ५.६. मल्टिमीटरवर आकडा एक अंकी आला होता. नेरूळच्या माझ्या गच्चीवर, अंधारात, त्याने आपल्या आईला पिवळी साडी नेसायला लावून तीन मीटरवर उभं केलं आणि एक फ्रेम काढली. साडीच्या काठाची वीण मोजता येत होती. शनिवारी करावे गावात हळद आहे. तीन मीटरची सुतळी कापून त्याने बॅगेत ठेवली आहे.