रिकामा स्विच वीज का खातो?

आजचा भाग डेटा सेंटरच्या विजेवर.

आता तुम्ही म्हणाल, तलासरीत बसून डेटा सेंटरचं काय? तर आपल्या शेजारी डहाणूत ५०० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. १९९५ साली ते मुंबईच्या उपनगरांना वीज द्यायला सुरू झालं. मुंबई-नवी मुंबईत आज चांदिवली, ऐरोली, महापे अशा ठिकाणी डेटा सेंटर्स आहेत. कुठला सर्व्हर कुठल्या केंद्राच्या विजेवर चालतो ते सांगता येत नाही, कारण ग्रिड म्हणजे एकच मोठी टाकी. पण टाकीतून उपसा वाढला की कुठेतरी कोळसा जास्त जळतो. आणि डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. म्हणून मला हा विषय घरचा वाटतो.

डेटा सेंटरमध्ये सर्व्हर एकमेकांना जोडायला नेटवर्क स्विच असतात. गंमत अशी, की स्विचमधून डेटा जात नसला तरी तो जवळपास तेवढीच वीज खातो. समजा, एक स्विच २०० वॅट घेतो. म्हणजे दिवसाला ४.८ युनिट, वर्षाला साधारण १,७५० युनिट. त्याची उष्णता काढायला एसीचा खर्च वेगळाच.

तलासरी नाक्यावर दहा टमटम उभ्या आहेत, प्रत्येकीत एकच सवारी आणि सगळ्यांची इंजिनं चालू. शहाणा माणूस काय करेल? सवाऱ्या दोन गाड्यांत बसवेल, बाकीची इंजिनं बंद करेल. नेटवर्कमध्येही हेच करता येतं. रात्री ट्रॅफिक कमी झालं की ते मोजक्या स्विचवर वळवायचं आणि उरलेले झोपवायचे. २०१० साली स्टॅनफर्ड आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी 'इलास्टिकट्री' नावाने हे करून दाखवलं. नेटवर्कची वीज ५० टक्क्यांपर्यंत वाचू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी इथरनेटचं ८०२.३एझेड हे मानक आलं. त्यात डेटा नसला की लिंक डुलकी घेते आणि काही मायक्रोसेकंदांत जागी होते.

मग सगळे हे का करत नाहीत? भीतीपोटी. पूर्ण बंद स्विच सुरू व्हायला मिनिटभरही लागू शकतं. तेवढ्यात गर्दी उसळली किंवा चालू स्विच बिघडला, तर तुमचं यूपीआय पेमेंट अडकेल. म्हणून एखादी टमटम चालू ठेवावीच लागते. प्रश्न एवढाच, की एक ठेवायची की आठ?

पटलं तर मित्रांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!