लाखेचें बेणें

बांधावरच्या पळसाचा उपयोग पत्रावळीपुरता, अशी समजूत आपल्याकडे सर्रास आहे. फांदीवर लाखेचा थर दिसला तर तो झाडाचाच डिंक असें पुष्कळांस वाटतें. पण डिंक झाड देतें. लाख किडा तयार करतो.

या किड्याचीं पिलें तांबडीं व अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीचीं असतात. कोवळ्या फांदीवर पसरून तीं सालींत सोंड खुपसतात, रस शोषतात आणि अंगावाटे राळ सोडून स्वतःभोंवतीं घर बांधतात. मादी त्या घरांतून जन्मभर बाहेर पडत नाहीं. अशीं शेंकडों घरें एकमेकांस चिकटलीं म्हणजे तीच लाख.

सोनार पोकळ दागिन्यांत भरतो ती हीच. बांगड्या, लखोट्यावरील मोहोर, लांकडाचें पॉलिश, औषधी गोळ्यांवरील लेप यांतही ती लागते. १९५० च्या सुमारापर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्या हिच्याच होत. पुढें प्लॅस्टिकनें तें गिऱ्हाईक नेलें. रांचीजवळ नामकूम येथें १९२४ सालीं लाखेसाठीं स्वतंत्र संशोधनसंस्था निघाली, यावरून या मालाचें महत्त्व कळेल.

पळसावर वर्षांत दोन पिकें येतात. जून-जुलईंत लावलेली कतकी ऑक्टोबर-नोव्हेंबरांत तयार होते. तेव्हां लावलेली बैसाखी पुढल्या जून-जुलईंत. एका पिकाचीं पिलें हेंच दुसऱ्याचें बेणें. येथेंच आपले लोक घात करून घेतात. एप्रिल-मेमध्यें पैशाची नड असते, म्हणून झाडावरची सगळी लाख कच्चीच ओरबाडली जाते. हिला ‘अरी’ म्हणतात. तिला भाव कमी, आणि पावसाळ्याच्या तोंडीं बेणें विकत घ्यावें लागतें तें निराळेंच. नड कोणास चुकली आहे? परंतु कांहीं झाडें तरी पूर्ण राखावीं, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

राखलेली लाख कापण्याची खूण सोपी आहे. मादीच्या घरावर पिवळा ठिपका दिसूं लागला कीं पिलें लौकरच बाहेर पडणार असें समजावें. मग ६ ते ९ इंचांच्या काड्या करून, बारीक जाळीच्या नायलॉन पिशवींत घालून, छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या फांद्यांना बांधाव्या. पिलें जाळींतून निसटतात, लाख खाणाऱ्या अळ्यांचे पतंग मात्र आंतच अडकतात. तीन आठवड्यांनीं रिकाम्या काड्या उतरवून खरवडून घ्याव्या. ती लाखही विकली जाते.