कुजबुजीचा विसावा

मंडळी, कुणी हलक्या हातानं केस विंचरू लागलं किंवा कानाशी कुजबुजलं, की टाळूवर गोड झिणझिण्या उठून मानेवरून पाठीत उतरतात, असा अनुभव तुमच्यापैकी काहींना असेल. बाकीचे म्हणतील, हे काय खूळ! दोघांचंही खरं. हा अनुभव सर्वांनाच येत नाही.

२०१० साली जेनिफर ॲलन या अमेरिकन बाईंनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं; त्याची आद्याक्षरं म्हणजे ‘एएसएमआर’. नाव भारदस्त, पण शास्त्र मागाहून आलं. २०१५ मध्ये स्वान्सी विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी ४७५ जणांची पाहणी केली. बहुतेकांनी आपण असे आवाज विसाव्यासाठी ऐकतो, असं सांगितलं. अर्थात ही मंडळी मुळातच या आवाजांची शौकीन! त्याहून वजनदार पुरावा शेफील्डचा, २०१८ चा. अशी ध्वनिचित्रं पाहताना, ज्यांना झिणझिण्या येतात त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी तीनांनी मंदावले; इतरांच्या तुलनेत ही घट लक्षणीयरीत्या जास्त होती. तेव्हा हे निव्वळ मनाचे खेळ नव्हेत.

रात्री मोबाइलवर ऐकून पाहायला हरकत नाही. आवाज मात्र बारीक ठेवा. काहीच वाटलं नाही, तर तुमच्यात काही उणं आहे असं समजू नका. काहींना चघळण्या-मचमचण्याच्या आवाजाची उलट चीड येते. गुरुजींनी वर्गातल्या अशा मुलाला हट्टी ठरवू नये. आणि झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, तर कुजबुज बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.