तांब्यावर उतरलेले वेरूळ

सोलापूरचा भुईकोट किल्ला पाहायला नेलेल्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पाहा. कॅमेरा नसेल, तर या बुरुजाचे हुबेहूब चित्र शंभर गावांत कसे पोचवाल? हाताने नकला केल्या तर प्रत्येक नकलेत थोडी चूक शिरेल आणि शंभरावा बुरूज वेगळाच निघेल.

दोनशे वर्षांपूर्वी याचे उत्तर होते तांब्याचा पत्रा. सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या देखरेखीखाली चित्रशाळा चाले. तेथे गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा कारागीर तयार झाला. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने कार्ले व वेरूळ येथील लेण्यांची चित्रे काढली. १७९५ साली वेल्स वारला. त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये वेरूळची २४ दृश्ये छापली. छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत जाहीर झाली ती १८३९ साली, म्हणजे ३६ वर्षांनंतर.

ही छपाई कशी होते? पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघा कोरतात. त्यांत शाई भरून पृष्ठभाग पुसून घेतात. पत्र्यावर ओलसर कागद ठेवून तो रुळाखाली दाबला, की खाचांतली शाई कागदावर उतरते. पण लेण्यातला अंधार नुसत्या रेघांनी दाखवणे अवघड. त्यासाठी डॅनियलने ॲक्वाटिंट ही रीत वापरली. पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून ती तापवून चिकटवतात आणि पत्रा सौम्य नायट्रिक आम्लात बुडवतात. कणांच्या मधले तांबे विरघळून सूक्ष्म खळगे पडतात. जो भाग फिका हवा, त्यावर आधीच रोगण लावून आम्ल अडवतात. जेथे आम्ल अधिक वेळ टिकते, तेथे खळगे खोल होतात, शाई जास्त मावते आणि सावली गडद उमटते.

डॅनियलच्या ग्रंथाच्या शीर्षकात वेल्स आणि डॅनियल ही नावे आहेत, गंगारामचे नाही. मॅलेटने जपलेली त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. लेण्यांची तेव्हाची स्थिती अभ्यासायची, तर अशी चित्रे हाच पुरावा. आणि पुरावा कोणी नोंदवला हे ठाऊक असणे विज्ञानात महत्त्वाचे असते.

वर्गात एक प्रयोग करा. जुन्या एक्स-रे फिल्मवर कंपासच्या टोकाने बुरूज कोरा. छापखान्याची घट्ट शाई चोळा, फडक्याने पुसा, वर ओलसर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबत घासा. छापात डावे-उजवे उलटलेले दिसेल. १८०५ साली मिरजेत तांब्यावर कोरलेल्या अक्षरांतून भगवद्गीता छापली, तेव्हा कारागिराने प्रत्येक अक्षर असेच उलटे कोरले होते. म्हणून विद्यार्थ्यांना खाली आपले नाव आणि तारीखही उलटीच कोरायला सांगा. मात्र कोरायला विसरू देऊ नका.